वकिलांचा खड्डा आणि मास्तरांची पोथी

भांडायला माणूस मिळेना म्हणून अख्खा एक धर्म शिकायला घेतलेला इसम भरतखंडात एकच असावा, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. माझे हे मामेसासरे अकोल्याच्या जुन्या शहरात एका गादी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहतात. खाली दिवसभर कापूस पिंजतात आणि वर मामाजी शब्द. उभी हयात त्यांनी दिवाणी वकिली केली. धुऱ्याचे म्हणजे शेताच्या बांधाचे, वाटणीचे दावे लढवले, आणि कोर्ट सुटल्यावर उरलेला युक्तिवाद घरी आणला. ते कंडक्टरशी वाद घालतात, डॉक्टरला निदानाचा आधार मागतात, आणि एकदा तर भर कीर्तनात उभे राहून "हे सगळं ऐकीव हाये, बुवा, तुमी स्वतः पाह्यलं का?" असं बुवांना विचारून मोकळे झाले. माझ्या लग्नात त्यांनी भटजींना धरलं. मुहूर्त अमरावतीच्या सूर्योदयावरून काढला की अकोल्याच्या, अकोल्याला सूर्य जरा उशिरा उगवतो, आणि वधू अकोल्याची असताना हा परस्पर निर्णय कोणी घेतला, असा त्यांचा मुद्दा होता. भटजी पंचांग उघडून उत्तर शोधेपर्यंत दोन्ही गावांचा मुहूर्त टळून गेला. संसार तसा बरा चालला आहे.

अशा माणसाला निवृत्ती म्हणजे शिक्षाच. त्यात मामींचा स्वभाव. मामी कधीही, कशालाही, कोणालाही नाही म्हणत नाहीत. मामाजी म्हणाले, आज भाजीत मीठ जास्त पडलं, की मामी म्हणतात, "बरं." थोड्या वेळानं मुद्दाम म्हणाले, नाही, कमीच पडलं, तरी मामी म्हणतात, "बरं." एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन अगदी कळवळून सांगितलं, "जवाईबापू, ह्या घरात रोज एकतर्फी निकाल लागून राह्यले. समोरचा पक्ष हजरच होत नाई. असा माणूस जगते तरी कसा?" मी म्हटलं, "मामाजी, खरं आहे." त्यावर ते आणखीनच खचले, कारण मीही मान्यच केलं होतं.

त्यांना पुरून उरेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे बडनेऱ्याचे मास्तर. मास्तर बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत बडनेऱ्याला आले आणि इथलेच होऊन गेले. मास्तर अमरावतीच्या शाळेत भूमिती शिकवायचे, घरी प्रार्थना हिब्रूत म्हणायचे आणि भांडायचे मात्र अस्सल वऱ्हाडीत. कॉलेजात वसतिगृहाच्या एकाच खोलीत हे दोघे राहिले, आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद ह्यावरून जे जुंपलं ते पुढे जन्मभर चाललं. दर रविवारी मास्तर पॅसेंजरनं अकोल्याला यायचे, मामाजींसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि चहा येण्याआधीच म्हणायचे, "वकील, तू मांगच्या रविवारी जे बोल्ला ते सपशेल चूक हाये." हे ऐकलं की मामाजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नाही.

मग मास्तरांची पत्नी गेली आणि त्यांच्या मुलीनं त्यांना आपल्याकडे इस्राईलला न्यायचं ठरवलं. जाण्याच्या आधीच्या रविवारी ते एक लोखंडी पेटी घेऊन आले. पेटीत पुस्तकं होती. मुलांना हिब्रू शिकवायची चित्रांची पुस्तकं, आपला धर्म पहिल्यापासून समजून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहिलेली इंग्रजी पुस्तकं, इंग्रजी भाषांतरासह तोरा हा त्यांचा मूळ धर्मग्रंथ, मुंबईत कधीकाळी छापलेलं मराठी प्रार्थनांचं एक पुस्तक, आणि सगळ्यात वर रुमालात बांधलेली त्यांच्या वडिलांची हिब्रू पोथी. पोथीची शिवण सुटली होती, पानं तळलेल्या पापडासारखी झाली होती. मास्तर म्हणाले, "वाचता येईन ते तू वाच. बाबाची ही पोथी आता पार गेली. हिचं काय करा लागते थे तुले मी काय सांगू?" मामाजी म्हणाले, "हाव ना बे. मले नाई माहीत त कोनाले माहीत?" एवढ्या वर्षांत हे दोघे एखाद्या गोष्टीवर न भांडता एकमत झाले असतील तर ते इथे, आणि तिथेच घोटाळा झाला.

मास्तर इस्राईलला गेले आणि मामाजींनी पेटी उघडली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ज्याच्याशी भांडायचं त्याचे कागद आधी वाचावे लागतात. मास्तर रविवारी व्हिडिओ कॉल करणार होते, तेव्हा तयारी हवी. पंचाहत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ मुलांच्या पुस्तकातल्या उंट आणि डाळिंबाच्या चित्रांवर बोट ठेवून मोठ्यानं हिब्रू अक्षरं घोकू लागले, तेव्हा खालच्या गादीवाल्यानं वर येऊन तब्येतीची चौकशी केली. पुस्तक उजवीकडून उघडतं ह्याचा त्यांना फार अभिमान वाटे. पवित्र पुस्तक हातून पडलं तर उचलून त्याचं चुंबन घ्यायचं, असं त्यांनी वाचलं. पुस्तक पडलं की कपाळाला लावायची सवय आधीपासून होतीच, म्हणून ते आता दोन्ही करू लागले. मामींनी एकदा त्यांना तोराचा मुका घेताना पाहिलं. त्या दिवशी भाकरी जरा जोरात थापल्या गेल्या. पुढे शनिवारी कोणतंही काम करायचं नाही, हा नियम वाचून मामाजींनी तो तत्काळ अमलात आणला. मामी "बरं" म्हणाल्या. बाकीच्या वारी ते जे करत होते त्यात आणि ह्यात काय फरक पडला, ते मला काही कळलं नाही.

पण खरा बहर आला तो तालमूद आल्यावर. ज्यूंच्या कायद्याचा आणि त्या कायद्यावरच्या वादांचा हा अफाट ग्रंथ. त्याचा एक खंड मामाजींनी मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून भाषांतरासह मागवला, पुडकं फोडलं, आणि संध्याकाळी मला अमरावतीला फोन आला. "जवाईबापू, फसवणूक. पह्यलं पान गायब हाये. सुरुवातच दुसऱ्या पानापासून." दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला वकिली भाषेतली रीतसर नोटीस गेली. त्या बिचाऱ्याचा फोन आला की साहेब, सगळ्या प्रती अशाच असतात. हा ग्रंथ दुसऱ्या पानापासूनच सुरू होतो, पहिलं पान नसतंच. का नसतं ह्याची कारणं बरीच सांगतात, पण जुनी माणसं म्हणतात की कितीही वाचलंस तरी अजून पहिल्या पानापर्यंत पोचलेला नाहीस, हे वाचणाऱ्यानं विसरू नये म्हणून. मामाजींनी फोन ठेवला आणि तो खंड पुन्हा सुरुवातीपासून उघडून पाहिला. मग म्हणाले, "काय ड्राफ्टिंग हाये, मायबाप! सुरुवातीलेच समोरच्याचा माज उतरवला." नोटीस त्यांनी परत घेतली, त्यांच्या कारकिर्दीतली ही एकमेव.

ह्या ग्रंथावर ते मनापासून लुब्ध झाले. पानाच्या मध्यभागी मूळ मजकूर आणि त्याच्या चारही बाजूंनी वेगवेगळ्या शतकांतल्या विद्वानांची भांडणं, असं ते पान पाहून त्यांचे डोळे भरून यायचे. "हरलेल्याचा युक्तिवादबी छापतात, जवाईबापू! आपल्या हायकोर्टानं शिकावं. आन ज्या वादाचा निकाल लागत नाई थो तसाच ठेवतात. कोनी घाई करत नाई." शिवाय हा ग्रंथ एकट्यानं वाचायचाच नसतो. दोघांनी समोरासमोर बसून वाचायचा, आणि एकानं म्हटलेलं दुसऱ्याला पटता कामा नये. मास्तर रविवारपुरते होते. आठवड्याच्या इतर दिवसांसाठी माझी भरती झाली. मी अमरावतीहून खास रजा काढून गेलो, वेताच्या खुर्चीत बसलो, आणि दुसऱ्याच वाक्याला "पटलं" म्हणालो. मामाजींनी चष्मा काढला. "तुमी लय लवकर मान्य करता. माही भाची खुश हाये का तुमच्यावर?" मला त्या खुर्चीतून उठवण्यात आलं.

माझ्याऐवजी त्यांना विद्वान मिळाले ते दर्यापूरच्या काळीपिवळी जीपमध्ये. मामाजींचं मूळ गाव दर्यापूरजवळ. तिथली शेती त्यांचा चुलतभाऊ पाहतो. एकदा मी त्यांच्यासोबत निघालो होतो. जीपमध्ये माणसं खच्चून भरलेली, एक शेळीही होती. मामाजींनी सुरुवात केली, "एका मानसानं रस्त्यावर खड्डा खोदला. दुसऱ्याचा बैल येऊन त्यात पडला. जबाबदार कोन?" त्यांनी तालमूदचं नाव घेतलं नाही, आणि कुणाला त्याची गरजही वाटली नाही. मागचा एक पागोटेवाला म्हणाला, "बैल दिवसा पडला का राती?" दुसरा म्हणाला, "बैलाले दिसत होतं का? आंधया बैलाले खड्ड्याची काय वयख?" तिसऱ्यानं विचारलं, "खड्डा झाकेल होता का?" मामाजी आनंदानं थरथरत होते. "जवाईबापू, आयका! हेच प्रश्न. हजार-दीड हजार वर्षांपयले तिकडच्या पंडितांनी हेच प्रश्न काढले!" शेवटी ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून निकाल दिला की बैलवाल्यानं बैल मोकळा सोडलाच काहून? त्यावर दोन्ही बाजूंनी अपील झालं आणि आम्ही दर्यापूरला भलत्या उशिरा पोचलो.

आता पोथीकडे वळतो. ऐन मे महिन्यात, मी सुट्टीत अकोल्याला आलेलो असताना, एका शुक्रवारी मामाजींनी पेटी आवरताना ती रुमालातली पोथी हातात घेतली आणि तिचा नीट शेवट करायचं ठरवलं. जीर्ण पोथीचं काय करतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल: वाहत्या पाण्यात विसर्जन. मामींनी लाल कापड काढून दिलं, मामाजींनी पोथीला हळदकुंकू वाहिलं, वर एक फूल ठेवलं, आणि मला घेऊन मोर्णा नदीच्या पुलावर आले. मोर्णा तेव्हा वाहत वगैरे नव्हती. ती जलकुंभीनं गच्च भरली होती. मामाजींनी डोळे मिटून पोथी सोडली, ती हिरव्या पानांच्या गादीवर अलगद जाऊन बसली आणि तिथेच राहिली. आम्ही वाट पाहिली. एक बगळा आला, त्यानं पोथीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. मामाजी म्हणाले, "जाईन हळूहळू." आणि आम्ही घरी येऊन जेवलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामाजींचा आवाज ऐकून मी बाहेरच्या खोलीत आलो. ते नव्यानं शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. जुनं झालेलं पवित्र पुस्तक ज्यू लोक जाळत नाहीत, फेकत नाहीत, पाण्यात तर नाहीच नाही. माणसाला देतात तशी त्याला माती देतात, असं त्या पानावर लिहिलं होतं. मास्तर जे "तुला काय सांगू" म्हणाले होते ते हे. "मास्तराच्या बापाले मी जलकुंभीवर टाकून आलो," मामाजी म्हणाले. मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाले, "तुमाले समजून नाई राह्यलं. मले ह्या दुनियेत नाई म्हननारा एकच मानूस हाये. त्यानं बोलनं बंद केलं त मी कोनाशी बोलू?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता, आणि मला त्यांची फार दया आली. त्याच वेळी टेबलावरचा मोबाइल वाजू लागला, रविवार होता. मास्तरांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलंच, "बाबाच्या पोथीचं केलं का बे?" आयुष्यभर दुसऱ्याच्या साक्षीदारांना घाम फोडणारे मामाजी म्हणाले, "तारीख दे. पुढच्या रविवारी सांगतो."

आम्ही धावतच पुलावर गेलो. पोथी होती तिथेच होती. हे कसं काय, ते काठावर म्हशी धुणाऱ्या एका माणसानं सांगितलं. लाल कापड, हळदकुंकू, फूल हे सगळं पाहून लोकांनी ती करणी समजली होती. तेव्हापासून त्या बाजूला कुणी फिरकलंही नव्हतं, आणि ह्या माणसानंही आपल्या म्हशी वरच्या अंगाला नेल्या होत्या. मामाजींनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जवाईले पान्यात उतरवनं बरं दिसत नाई." मग मला काठी देऊन पाण्यात उतरवलं. कमरेएवढ्या चिखलात, जलकुंभी बाजूला सारत मी पुढे चाललो होतो, आणि पुलावर जमलेली जनता "अबे, थो पाय, मांत्रिक!" म्हणून मला मोबाइलवर टिपत होती. त्यातला एक व्हिडिओ संध्याकाळपर्यंत माझ्या बायकोकडे अमरावतीला पोचला. तिनं फक्त एवढंच विचारलं, की चप्पल कुठली घातली होती.

पोथी खालून भिजली होती. मामींनी ती माझ्या हातून घेतली, गच्चीवर नेली, आणि कुरोड्या वाळत घातल्या होत्या त्यांच्या शेजारी जुनं लुगडं अंथरून एकेक पान पसरलं. अकोल्याच्या उन्हाला मे महिन्यात काहीही वाळवायला वेळ लागत नाही. पानं गोळा करताना मला समासात पेन्सिलीनं लिहिलेले मराठी शब्द दिसले. मास्तर लहान असताना त्यांना हिब्रू प्रार्थनेत कुठे काय करायचं ते कळावं म्हणून वडिलांनी लिहून ठेवलं होतं: "इथे उभे राहावे." "इथे बसावे." "इथे मोठ्याने." मामी ते वाचून थांबल्या आणि पदरानं त्यांनी त्या पानावरचा कुरोडीचा कण पुसला.

आमच्या आसपास ज्यूंची दफनभूमी काही आम्हाला सापडली नाही, तेव्हा मामाजींनी दर्यापूरच्या शेतातली जागा ठरवली, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली. शेत नांगरून मोकळं पडलं होतं, काळ्या मातीला हातभर भेगा पडल्या होत्या. मामाजी भर दुपारी नव्या पांढऱ्या कापडात पोथी गुंडाळून, डोक्यावर टोपी घालून, पुढे आपण आणि मागे टिकास-फावडं घेतलेला मी, असे गावातून मिरवत गेले. खड्डा खोदला, पोथी ठेवली, माती लोटली, आणि कुणालाही काहीही न सांगता परत आलो. आता वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात अकोल्याचा वकील भर उन्हात जावयाला घेऊन धुऱ्यावर काहीतरी पुरतो, तेव्हा गावाला जे वाटायचं तेच वाटलं: गुप्तधन. चार दिवसांत कुणीतरी जागा उकरली. कापड सोडून पाहिलं असणार, आत उजवीकडून वाचायची पानं निघाली, तेव्हा घाबरून सगळं तसंच टाकून पळाले. खड्डा उघडाच राहिला. आणि सकाळी चुलतभावाचा गोऱ्हा चरत चरत धुऱ्यावर आला आणि त्या खड्ड्यात पडला.

चुलतभावाचा फोन आला. "दादा, तुमचं धन निंगालं, पन थे कागदाचं हाये. आन माह्या गोऱ्ह्याचा पाय मुरगयला. याचं काय थे सांगा." मामाजींनी फोन खाली ठेवला, तेव्हा त्यांच्या तोंडावर भीती होती, खेद होता, आणि मी शपथेवर सांगतो, आनंदही होता. "जवाईबापू," ते कुजबुजले, "खड्डा. बैल. मी प्रतिवादी."

त्या रविवारी निंबाखाली अर्धं गाव जमलं होतं. गोऱ्ह्याला हळदीचा लेप लावून सावलीत बांधलं होतं; एकंदर सभेत त्याच्याइतका निश्चिंत कोणीच नव्हता. मामाजींनी गावाला समजावून सांगितलं की हे पुस्तक म्हातारं होऊन गेलं, म्हणून त्याला माती दिली. गावाला ते झटकन पटलं. एका म्हातारबुवानं फक्त विचारलं, "मंग तेरवी कवा हाये?" तेराव्याचं जेवण नसतं हे ऐकून बरेच जण नाराज झाले. मग खटला सुरू झाला. मामाजींचं म्हणणं, मी खोदलेला खड्डा मी बुजवला, तिथे माझी जबाबदारी संपली. पुन्हा उकरणारा तो खरा दोषी. तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला, आणि त्यांनी बंद करण्याआधी चुलतभावानं तो हिसकून मोठ्या आवाजावर लावला. "मास्तर, मी दादाचा भाऊ बोलून राह्यलो. तुमीच न्याव करा. तुमच्या बाबाची पोथी यायनं पयले मोर्णेत टाकली, मंग जवायाले पान्यात घालून काढली, मंग इथं गाडली, आन आता माहा गोऱ्हा लंगडा झाला!"

मी मामाजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. सगळं गाव फोनच्या जवळ सरकलं. मग मास्तरांचा आवाज आला, जरा घोगरा. "वकील, हायेस का?" मामाजी म्हणाले, "हावो." "मोर्णेत टाकली?" "हाव. चुकलं माहं." आणि मग मास्तर हसायला लागले, ते इतके हसले की त्यांची मुलगी मागून काय झालं म्हणून विचारायला आली. "अबे, आमचे पूर्वज कोकनाच्या किनाऱ्याले लागले तवा जहाज फुटलं होतं. मानसं जेमतेम वाचली, पोथ्या सगळ्या समुद्रानं नेल्या, असं आमच्यात सांगतात. इतक्या पिढ्या झाल्या, पान्यानं एक पोथी परत देली असन त थे बाबाची. तू रडून कायले राह्यला बे?" मामाजी खरोखरच रडत होते. मास्तरांनी आवाज बदलला. "आन खटल्याचं म्हनशील त दोषी तूच. टोपी घालून, भर दुपारी, जवाई मांगं घेऊन मिरवत कोन गेलं? लोकाईच्या मनात पह्यला खड्डा तूच खोदला. बुजवला कुठं?" मामाजींनी डोळे पुसले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सपशेल चूक."

पोथी पुन्हा पुरली, ह्या वेळी सगळ्या गावासमोर. मास्तर फोनवरून प्रार्थना म्हणत होते. समासात लिहिलेलं मामाजींना पाठ झालं होतं. त्यांनी गावाला हळूच सांगितलं, "इथं उभं राहा लागते," आणि सगळे उभे राहिले, बांधलेला गोऱ्हासुद्धा.

त्या खड्ड्याचा वाद त्यानंतर दर रविवारी चालला. मामाजी नवनवे आधार काढत, मास्तर ते मोडत. हळूहळू मास्तरांचे कान गेले. त्यांना फोनवर काहीच ऐकू येईना, तरी कॉल चुकला नाही. ते आपणच बोलत, "वकील, आता तू म्हनशील की मधात तिसऱ्या मानसाचं कृत्य आलं, पन थे लागू होत नाई, काहून का..." आणि आश्चर्य म्हणजे मामाजी इकडे नेमकं तेच म्हणत असायचे. मग ह्या हिवाळ्यात एका रविवारी कॉल आला तो मुलीचा. मास्तर झोपेतच गेले होते.

मी गेलो तेव्हा मामाजी तालमूद उघडून बसले होते. तेच पान, बैलाचं आणि खड्ड्याचं. ते नुसतं वाचत होते, एका सुरात, कुठेही न अडता, आणि मला ते पाहवेना. समोरची वेताची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात बसावं की नाही, ह्या विचारात दारातच उभा राहिलो. खाली पिंजणं चालू होतं. मामाजींनी पान संपवलं आणि सवयीनं समोर पाहून म्हणाले, "म्हनजे खड्डा बुजवला की जबाबदारी संपते."

मामी स्वयंपाकघरातून आल्या. ओले हात त्यांनी पदराला पुसले, खुर्ची जरा पुढे ओढली आणि तिच्यात बसल्या.

"मले नाई पटत," मामी म्हणाल्या. "मास्तरांचंच बरोबर होतं."

मामाजींनी मान वर केली.

"काहून?" ते म्हणाले, आणि पुस्तक मामींना दिसेल असं मधोमध सरकवलं.